कुत्र्याला कॅल्शियम, टॉनिक, मल्टिव्हिटॅमिन: कधी लागतं, कधी अंगाशी येतं

नागपुरात गेल्या काही वर्षांत घरोघरी कुत्रे वाढले आणि त्यांच्यासोबत कपाटातल्या बाटल्याही वाढल्या. धरमपेठ, सदर, मनीष नगर, कुठल्याही पेट शॉपमध्ये जा. हाडांसाठी कॅल्शियमचं सिरप, केसांच्या चकाकीसाठी गोळ्या, भुकेसाठी लिव्हर टॉनिक, सांध्यांसाठी चघळायच्या वड्या, वरून 'इम्युनिटी' पावडर. आता तर मोबाईलवर मागवलं की थोड्याच वेळात दारात हजर. दवाखान्यात तपासणी आटोपली की लोक निघता निघता विचारतात, "डॉक्टर, याले काही ताकदीचं लिहून द्या ना." मी "गरज नाही" म्हटलं की चेहरा उतरतो. आपण आपल्या जनावराचं काही कमी तर करत नाही ना, ही रुखरुख त्या चेहऱ्यावर दिसते.

ती काळजी खरी असते, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. गोळी लागते की नाही हे कुत्र्याच्या भांड्यात रोज काय पडतं त्यावर ठरतं. पाकिटातलं पूर्ण अन्न खाणाऱ्या निरोगी कुत्र्याला वरून काही लागत नाही. घरची पोळी, भात, चिकन खाणाऱ्याला बहुतेक वेळा लागतं, पण काय आणि किती हे हिशोबानं ठरतं. दुकानातून अंदाजानं उचललेली बाटली तिथे कामाची नाही. वाढतं पिल्लू आणि गाभण कुत्री यांच्या बाबतीत मनानं काही देणं सरळ धोक्याचं आहे. आता हे असं का, ते पाहू.

## आपली गरज वेगळी, त्याची वेगळी

जीवनसत्त्वं आणि खनिजं शरीराला ऊर्जा देत नाहीत. हाड बांधणं, रक्त तयार होणं, नसांतून संदेश जाणं, कातडी भरून येणं ही कामं त्यांच्यावाचून अडतात. लागतात अगदी थोडी, पण लागतात. कुत्र्यालाही लागतात. फरक यादीत आहे, आणि माणसाची यादी कुत्र्याला लावली की गफलत होते.

क जीवनसत्त्व घ्या. आपल्याला ते संत्र्या-आवळ्यातून मिळवावं लागतं, कारण आपलं शरीर ते बनवू शकत नाही. कुत्र्याचं यकृत ते स्वतः बनवतं. हंगामात घरी संत्र्यांची रास लागली आणि कुत्र्यानं एखादी फोड मागून खाल्ली तर खाऊ द्या, पण 'व्हिटॅमिन सी मिळावं' म्हणून देण्याचं कारण नाही. निरोगी कुत्र्याला त्याच्या गोळ्या तर मुळीच नकोत. जास्तीच्या क जीवनसत्त्वाचा काही भाग शरीरात ऑक्झलेट होऊन लघवीत उतरतो, आणि मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्या कुत्र्याला ते परवडत नाही.

ड जीवनसत्त्वाचं नेमकं उलट. माणसाच्या कातडीत ते उन्हानं तयार होतं. कुत्र्याच्या कातडीत ज्या पदार्थापासून ते बनायचं, त्याचं शरीर आधीच कोलेस्टेरॉल करून टाकतं, त्यामुळे ऊन पडलं तरी हाती फारसं काही लागत नाही. नव्वदच्या दशकात नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हे तपासून दाखवलं. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, इथे उन्हाला तोटा नाही, पण "रोज सकाळी गच्चीवर उन्हात बसवतो, व्हिटॅमिन डी मिळतं" हा हिशोब कुत्र्याला लागू पडत नाही. त्याला ते अन्नातूनच मिळालं पाहिजे. लांडग्याला ते शिकारीच्या यकृतातून आणि चरबीतून मिळतं. घरच्या कुत्र्याला ते पाकिटातल्या अन्नात घातलेलं असतं, आणि पोळी-भातात जवळपास नसतंच.

## पाकिटातलं अन्न खात असेल तर

कुत्र्याला कोणता घटक किती लागतो याचे तक्ते तयार आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं २००६ मध्ये कुत्र्या-मांजरांच्या गरजांचा मोठा ग्रंथ काढला. त्या आधारावर अमेरिकेत 'आफ्को' आणि युरोपात 'फेडियाफ' या संस्था कोरड्या आणि ओल्या पशुखाद्यात किमान किती आणि काही घटकांच्या बाबतीत कमाल किती असावं ते ठरवतात. जे अन्न या तक्त्याला पुरं उतरतं त्याच्या पाकिटावर 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड', म्हणजे पूर्ण आणि संतुलित, असं लिहिलेलं असतं. बहुतेक पाकिटांवर ही ओळ मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते. त्या ओळीतच हे अन्न कोणत्या वयासाठी आहे तेही असतं. 'कॉम्प्लिमेंटरी' किंवा 'ट्रीट' असं लिहिलं असेल तर ते जेवण नव्हे, खाऊ आहे.

या अन्नात कॅल्शियम, जस्त, ड जीवनसत्त्व, आयोडीन, सगळं मोजून घातलेलं असतं. त्यावर कॅल्शियमचं सिरप ओतणं म्हणजे वरणात मीठ आधीच नेमकं पडलेलं असताना चव न घेता पुन्हा मूठभर घालणं. आणि एकदा पडलं की काढता येत नाही.

इथे एक प्रश्न हमखास येतो: "आम्ही अर्धं पाकिटातलं देतो, अर्धं घरचं." साधा नियम असा, की दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी दहा टक्क्यांपर्यंत खाऊ, पोळीचा तुकडा, उकडलेलं अंडं असं काही वरचं असेल तर पाकिटातलं संतुलन बिघडत नाही. अर्धं-अर्धं झालं की मात्र त्या 'पूर्ण' शब्दाची हमी संपते, आणि तुमचा कुत्रा पुढच्या विभागात मोडतो.

## पोळी, दूध, चिकन: एका दिवसाचा हिशोब

आपल्याकडच्या किती तरी घरांत कुत्र्याचं जेवण म्हणजे दुधात कुस्करलेली पोळी आणि थोडं उकडलेलं चिकन. हे अन्न वाईट आहे असं मी म्हणत नाही. ताजं आहे, पचतं, कुत्रा आवडीनं खातो. पोळी-भात पचवायला कुत्रा लांडग्यापेक्षा चांगला आहे. पिष्ट पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्याहून कितीतरी जास्त असतात, हे २०१३ च्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात दिसलं. प्रश्न पोट भरण्याचा नाही, हाडांचा आहे.

समजा २८ किलोचा मोठा झालेला लॅब्रेडोर आहे. दिवसाला आठ पोळ्या, पाव किलो बिनहाडाचं चिकन, पाव लिटर दूध. उष्मांक साधारण पुरतात. आता कॅल्शियम मोजू. आठ पोळ्यांत मिळून शंभर मिलिग्रॅमच्या आसपास. चिकनमध्ये जेमतेम तीस. दुधात तीनशे. बेरीज झाली साडेचारशेच्या आत-बाहेर. या वजनाच्या कुत्र्याला दिवसाला लागतं दीड ग्रॅम, म्हणजे पंधराशे मिलिग्रॅमच्या वर. एक तृतीयांशही मिळालं नाही, आणि जे मिळालं त्यातलं बहुतेक दुधातून आलं.

दुसरी बाजू फॉस्फरसची. कणीक आणि मांस दोन्हींत तो भरपूर असतो. या जेवणात तो दीड ग्रॅमच्या पुढे जातो. कॅल्शियम आणि फॉस्फरस हे दोघं हाडात जोडीनं बसतात. अन्नात फॉस्फरसच्या किमान बरोबरीनं कॅल्शियम लागतं, फार तर दुप्पट चालतं. इथे ते पाव ते एक तृतीयांश आहे. रक्तातलं कॅल्शियम घसरू लागलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड नावाच्या छोट्या ग्रंथी जाग्या होतात आणि हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतात. रक्ततपासणीत आकडा ठीक दिसतो, हाड मात्र आतून पोकळ होत जातं. मोठ्या कुत्र्यात याला महिने, वर्षं लागतात. पिल्लात काही आठवडे पुरतात.

नुसतं मांस दिलं तर हे प्रमाण आणखी घसरतं. कलेजीत फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो. "मी त्याला रोज फक्त चिकन देतो, बेस्ट प्रोटीन" असं अभिमानानं सांगणाऱ्यांचं पिल्लू मी टेबलावर घेतो तेव्हा आधी जबडा आणि पुढचे पाय चाचपून बघतो. जबड्याचं हाड बोटाखाली किंचित दबतं, दात हलतात, उचलताना पिल्लू कळवळतं. एक्स-रेमध्ये हाडं आजूबाजूच्या मांसाइतकीच फिकट दिसतात. असं हाड पलंगावरून उडी मारली तरी मोडतं.

तिसरी गोष्ट जस्ताची. गव्हात आणि डाळींत फायटेट नावाचा घटक असतो, तो जस्ताला धरून ठेवतो आणि आतड्यात शोषू देत नाही. जेवणात पोळीच पोळी असली की तोंडाभोवती, डोळ्यांभोवती, पंजाच्या गाद्यांवर खपल्या धरायला लागतात. वरून कॅल्शियम जास्त झालं तर जस्त आणखी अडतं. कॅल्शियमची बाटली दिली आणि कातडी बिघडली, असं होतं ते यामुळे.

## "मग नाचणी देऊ? दूध वाढवू? हाडं देऊ?"

नाचणी चांगली आहे, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण वरच्या लॅब्रेडोरची एक ग्रॅमहून मोठी तूट भरायला तीनशे ग्रॅम नाचणी लागेल. ती आपल्यासोबत फॉस्फरस आणि फायटेटही घेऊन येते. दुधानं भरायची तर आणखी लिटरभर लागेल, आणि बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना इतकं दूध पचत नाही, हगवण लागते.

हाडांचं तर सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे रविवारी सावजी मटण झालं की ताटातली हाडं कुत्र्याकडे जातात. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याचे टोकदार तुकडे घशात आणि आतड्यात रुततात. त्या रश्श्यात कांदा-लसूण असतो, आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. कॅल्शियमसाठी हा मार्ग नको.

स्वस्त आणि भरवशाचा मार्ग म्हणजे अंड्याची कवचं. उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये अगदी बारीक, पिठासारखी भुकटी करायची. कवच जवळपास सगळं कॅल्शियम कार्बोनेट असतं. पाच ग्रॅम भुकटीत दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. आपल्या उदाहरणातल्या लॅब्रेडोरला रोज तीनेक ग्रॅम भुकटीनं कॅल्शियमची तूट भरून निघते आणि फॉस्फरसशी बरोबरी होते. मोठ्या झालेल्या, घरचं खाणाऱ्या कुत्र्यासाठी हे योग्य आहे. पाकिटातलं खाणाऱ्यासाठी नाही, आणि पिल्लासाठी तर विचारल्याशिवाय नाहीच.

एवढं करूनही काम संपत नाही. ड आणि ई जीवनसत्त्व, आयोडीन, तांबं, जस्त, कोलीन नावाचा ब गटातल्या जीवनसत्त्वांसारखा घटक, हे घरच्या जेवणात कमी पडतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये पुस्तकांतून आणि इंटरनेटवरून कुत्र्यांसाठीच्या २०० पाककृती घेऊन एकेक घटक मोजला. त्यांतल्या काही पशुवैद्यकांनी लिहिलेल्या होत्या. ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी होता, आणि ८० टक्क्यांहून जास्त पाककृतींत एकाहून अधिक. आलटून-पालटून वेगवेगळे पदार्थ दिले की सगळं भरून निघतं ही आपली समजूतही त्यात टिकली नाही, कारण बऱ्याच पाककृतींत तेच ते घटक कमी होते.

म्हणून घरचं अन्न देणाऱ्याला माझं सांगणं असं, की तुमच्या कुत्र्याच्या जेवणाचा हिशोब पशुवैद्यकाकडून किंवा पशुआहारतज्ज्ञाकडून करून घ्या आणि त्या जेवणातली उणीव भरणारं मिश्रण द्या. 'मल्टिव्हिटॅमिन' लिहिलेल्या नेहमीच्या सिरपांत ब गटाची जीवनसत्त्वं भरपूर असतात, पण कॅल्शियम आणि जस्त गरजेच्या मानानं नावाला. बाटलीमागचा मिलिग्रॅमचा आकडा वाचून वरच्या दीड ग्रॅमशी ताडून बघा, लगेच कळतं.

घर शाकाहारी असेल तरी कुत्रा निरोगी राहू शकतो, मांजर नाही. मात्र ब१२ आणि काही अमिनो आम्लं यांचा हिशोब तिथे जास्त काटेकोर लागतो, आणि अंडी, दही, पनीर चालत असतील तर काम बरंच सोपं होतं.

## "आमच्या आधीच्या टॉमीनं पोळी-दुधावर बारा वर्षं काढली"

काढली असतील. मोठा झालेला, देशी, मध्यम आकाराचा कुत्रा बऱ्यापैकी तूट सोसतो. शिवाय तो अंगणात मोकळा असायचा. घूस, पक्ष्याचं पिल्लू, कुठलं तरी सडकं हाड असं काय काय खाऊन यायचा, ते आपल्या हिशोबात नसायचं. आज चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या कुत्र्याच्या पोटात तुम्ही घालाल तेवढंच जातं.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा दाखलाही दिला जातो: "ते कुठे गोळ्या खातात?" आपल्याला दिसतात ते जगलेले कुत्रे. पश्चिम बंगालमध्ये मोकाट कुत्र्यांच्या पिल्लांवर नजर ठेवून केलेल्या अभ्यासात सात महिन्यांच्या वयापर्यंत पाचातलं जेमतेम एक पिल्लू जगलं. त्यातले बरेच मृत्यू माणसामुळे झाले होते, सगळा दोष आहाराचा नाही. पण रस्त्यावरची वाढ हा निरोगी वाढीचा पुरावा म्हणून वापरता येत नाही, इतकं त्यातून नक्की दिसतं.

## पिल्लू, कॅल्शियम आणि उभे न राहिलेले कान

ही सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक आहे, म्हणून जरा सविस्तर.

मोठ्या कुत्र्याच्या आतड्याला कॅल्शियम गरजेपुरतं आत घेता येतं. जास्त आलं तर बरंचसं शेणावाटे बाहेर जातं. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लात हा आवर अजून आलेला नसतो. जितकं द्याल त्याचा मोठा हिस्सा शरीरात शिरतोच. १९८० च्या दशकात नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिल्लांना वेगवेगळ्या प्रमाणात कॅल्शियम देऊन वाढवलं, तेव्हा जास्त कॅल्शियम मिळालेल्या पिल्लांत हाडांची वाढ बिघडली. हाडाच्या टोकाशी जी कूर्चा, म्हणजे मऊ लवचिक भाग, असते, तिचं वेळेवर हाड व्हावं लागतं. ते अडलं की पाय वाकतात, सांध्यातला कूर्चेचा तुकडा सुटतो, आणि कुत्रा उरलेला जन्म लंगडतो.

आपल्याकडे जर्मन शेफर्ड, लॅब्रेडोर, रॉटवायलर, ग्रेट डेन आणला की पहिल्याच दिवशी विकणारा सांगतो, "पप्पीले कॅल्शियम सुरू करा, हाडं मजबूत होतात." हे त्या पिल्लांच्या बाबतीत सांगितलं जातं ज्यांना जास्तीचं कॅल्शियम सगळ्यात कमी सोसतं. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीच्या पाकिटांत कॅल्शियमची वरची मर्यादा मुद्दाम कमी ठेवलेली असते, कोरड्या वजनाच्या १.८ टक्के. मोठेपणी ज्याचं वजन ३२ किलोच्या पुढे जाणार आहे त्याच्या पाकिटावर 'लार्ज साइज डॉग्ज'च्या वाढीसाठी चालतं असा उल्लेख आहे का ते बघा. तो असेल तर वरून थेंबभरही कॅल्शियम नको.

कानांचं काय? जर्मन शेफर्डचे कान उभे राहायला वेळ लागतो. दात बदलताना उभे झालेले कान पुन्हा पडतात, आणि कित्येकांचे पाच-सहा महिने झाल्यावर नीट उभे राहतात. कानात हाड नसतं, कूर्चा असते. कॅल्शियम पाजून कान उभा राहत नाही. कान पडलेले दिसले म्हणून महिनाभर सिरप पाजलेलं पिल्लू पुढच्या पायांनी बाक धरून येतं, तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण घरच्यांनी पैसे खर्चून, काळजीपोटी हे केलेलं असतं.

वाकलेले पाय दिसले की 'मुडदूस' म्हणून कॅल्शियमचा डोस वाढवला जातो, हे आणखी घातक. वाकलेला पाय कॅल्शियम कमी पडल्यानंही होतो, जास्त झाल्यानंही, आणि वाढीच्या जागेला मार लागल्यानंही. एक्स-रे आणि खाण्याचा इतिहास याशिवाय कुणालाच नुसतं बघून ते सांगता येत नाही.

गाभण कुत्रीच्या बाबतीत तर गोष्ट उलटी आहे. पोटात पिल्लं आहेत म्हणून महिनाभर कॅल्शियम पाजलं की पॅराथायरॉइड ग्रंथी सुस्तावतात, कारण हाडातून कॅल्शियम काढायची गरजच उरत नाही. बाळंतपणानंतर दूध उतरतं, एकाएकी कॅल्शियमची मागणी वाढते, आणि सुस्तावलेल्या ग्रंथींना ती पुरवता येत नाही. कुत्री धापा टाकते, थरथरते, पाय ताठतात, झटके येतात. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत हे विशेष दिसतं, बहुधा व्याल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात. ही तातडीची वेळ आहे. पिल्लं लगेच वेगळी करून दवाखाना गाठायचा. गाभणपणात चांगल्या प्रतीचं पिल्लांसाठीचं पूर्ण अन्न दिलं की काम होतं. व्याल्यानंतर कॅल्शियम लागेल का, ते तपासून ठरवू.

## "जास्त झालं तर लघवीतून निघून जातं ना?"

ब आणि क ही पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं बरीचशी निघून जातात. अ, ड, ई, के ही चरबीत विरघळतात आणि शरीरात साठतात. त्यांतही ड सगळ्यात धोक्याचं.

आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात ड जीवनसत्त्वाची ६०,००० आययूची पाकिटं किंवा कॅप्सूल असतात. आययू म्हणजे जीवनसत्त्व मोजायचं एकक. माणसाला डॉक्टर ती आठवड्यातून एकदा देतात. दहा किलोच्या कुत्र्याला ड जीवनसत्त्व दिवसाला लागतं शंभर आययूच्या आसपास. म्हणजे ते एक पाकीट त्याची सहाशे दिवसांची गरज आहे, एका घोटात. किलोमागे ४,००० आययूच्या पुढे गेलं की त्रास दिसू शकतो. इथे किलोमागे ६,००० झालं. आधी उलट्या, भूक मरणं, सारखी तहान आणि लघवी. मग रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडात साचायला लागतं. ड जीवनसत्त्व चरबीत मुरलेलं असल्यानं उपचार कित्येक आठवडे चालतात.

कारखान्यातही हे घडतं. २०१८ च्या अखेरीस आणि २०१९ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांच्या काही खाद्यांत ड जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर पडल्याचं आढळलं, कुत्रे आजारी पडले आणि पाकिटं बाजारातून परत घ्यावी लागली. मोजून मिसळणाऱ्यांकडून एवढं होतं, तर आपण पूर्ण अन्नावर दोन सिरपं आणि एक पावडर अंदाजानं देतो तेव्हा किती पडतं, याचा विचार करा.

माणसांच्या आणखी काही गोळ्या घरात असतात. लोहाच्या गोळ्यांची स्ट्रिप छोट्या कुत्र्यानं फस्त केली तर विषबाधा होते: ६० मिलिग्रॅम लोहाच्या दहा गोळ्या पाच किलोच्या कुत्र्याचा जीव घ्यायला पुरेशा आहेत. साखर नसलेल्या चघळायच्या गोळ्यांत गोडव्यासाठी झायलिटॉल घातलेलं असू शकतं. ते कुत्र्याची रक्तशर्करा झपाट्यानं पाडतं आणि यकृतही निकामी करू शकतं. कॉड लिव्हर ऑइल आणि साधं फिश ऑइल एकच समजू नका. पहिलं माशाच्या यकृताचं, त्यात अ आणि ड दोन्ही भरपूर. दुसऱ्यात सहसा नसतात.

## बाटली आजार झाकते तेव्हा

"केस लई गळून राहिले याचे", "माती खाऊन राहिला", "सुस्त पडला राहते". या तक्रारींवर आधी टॉनिक सुरू होतं आणि महिन्याभरानं कुत्रा दवाखान्यात येतो. मधला महिना आजाराला मिळालेला असतो.

केस गळण्यामागे गोचीड, पिसवा, खरूज, बुरशी, थायरॉइड असं बरंच काही असतं; जीवनसत्त्वाची कमतरता यादीत बरीच खाली आहे. माती खाणाऱ्या पिल्लात आधी जंत बघायचे. सगळ्यात जास्त काळजी फिकट हिरड्यांची. ओठ वर करून बघा. गुलाबी हिरडी पांढुरकी दिसत असेल, ताप असेल, नाकातून रक्त आलं असेल, तर तो गोचीड ताप असण्याची शक्यता मोठी. त्यात रक्तातले परजीवी किंवा जंतू रक्तपेशी आणि प्लेटलेट संपवत असतात. लोह कमी पडलेलं नसतं, त्यामुळे 'रक्त वाढवायचं' टॉनिक तिथे काहीच करत नाही. त्याच दिवशी रक्ततपासणी हवी.

उन्हाळ्यात भूक कमी होते तेही आजार समजू नका. एप्रिल-मेमध्ये नागपुरात दुपारी कुत्रा जेवत नाही, हे स्वाभाविक आहे. पहाटे आणि उशिरा संध्याकाळी जेवण द्या, पाणी भरपूर ठेवा. दोन्ही वेळ काहीच खात नसेल, तर तपासा.

## मग खरंच कुणाला लागतं

काहींना नक्की लागतं, आणि त्यांच्यासाठी मी स्वतः लिहून देतो. स्वादुपिंडाचं काम थांबलेल्या किंवा जुनाट आतड्याचा आजार असलेल्या कुत्र्याला ब१२. हस्की आणि मालाम्यूट यांच्यातल्या काहींना जस्त नीट शोषताच येत नाही, त्यांना आयुष्यभर जस्त द्यावं लागतं. (नागपूरच्या उकाड्यात हस्की पाळूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, पण पाळलाच असेल तर तोंडाभोवतीच्या खपल्यांकडे लक्ष ठेवा.) उंदराचं विष खाल्लेल्याला के जीवनसत्त्व, तेही औषध म्हणून, मोजून.

सांधेदुखीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ चा उपयोग होतो याचे पुरावे चांगले आहेत. ग्लुकोसामाइनच्या वड्यांचे पुरावे त्या मानानं फार कच्चे. आपल्या विदर्भात जवस घरोघरी असतं आणि त्यातही ओमेगा-३ आहे, पण ते वेगळ्या रूपातलं. कुत्र्याच्या शरीरात त्याचा फार थोडा भाग कामाच्या रूपात बदलतो. जवस थोडं दिलं तर बिघडत नाही, सांध्यांसाठी त्याच्यावर विसंबू नका. आणि म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे दुखत असतील तर पहिला उपाय वजन उतरवणं, तो फुकट आहे.

## दवाखान्यात येताना

सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे, आता ते महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतं. तिथला दवाखाना किंवा तुमचा नेहमीचा पशुवैद्यक, कुठेही जा, पण 'सगळं खातो' एवढं सांगून भागत नाही. एका आठवड्याचं खाणं कागदावर लिहून आणा: किती पोळ्या, किती ग्रॅम मांस, किती दूध, कोणती बिस्किटं, घरातल्या आजीनं हळूच दिलेला तुकडासुद्धा. पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो आणा. सुरू असलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणा, बंद केलेल्याही, कारण एकच घटक तीन बाटल्यांत निघतो हे नेहमीचं आहे. कुत्र्याचं त्या दिवशीचं वजन करा.

कुत्र्यानं घरातलं ड जीवनसत्त्वाचं पाकीट किंवा लोहाच्या गोळ्या खाल्ल्याचं लक्षात आलं तर लक्षणांची वाट बघू नका, मिठाचं पाणी पाजून घरी उलटी करवू नका. रिकामं पाकीट किंवा स्ट्रिप घेऊन लगेच निघा. किती गोळ्या उरल्यात ते मोजा आणि किती वाजता खाल्लं ते सांगा. पहिल्या काही तासांत पोट रिकामं करता आलं तर पुढचं बरंच टळतं.